पितळ आधी जातं

वऱ्हाडातल्या जुन्या बाजारगावी उतरावं आणि स्टेशनबाहेर येऊन मान वर करावी. घरांच्या छपरांमागे एक विटांचं धुराडं दिसतंच. माथ्याला पिंपळ फुटलेला, बगलेत तडा गेलेला, पण उभं. त्याच्या बुडाशी कापसाचं जिनिंग. खामगाव, अकोला, यवतमाळ अशा कितीतरी गावांत पत्ता सांगताना अजूनही जिनिंगचाच आधार घेतात: जुन्या जिनिंगच्या मागे, प्रेसच्या भिंतीला लागून, प्रेससमोरच्या बोळात. फाटकाला कुलूप असतं. चौकीदार कडुनिंबाखाली बाज टाकून पडलेला असतो. आत काही जुनी यंत्रं आहेत का, असं विचारलं तर तो आधी ‘काही नाही’ म्हणतो. त्याचं चुकत नाही. त्याच्या लेखी आत विकण्याजोगं काही उरलेलं नसतं.

थोडं बसावं, चहा मागवावा, पावसापाण्याचं बोलावं. मग दार उघडतं.

आतल्या अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. लांबच लांब पत्र्याची शेड, छताखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला जाड लोखंडी शाफ्ट, त्यावर ठरावीक अंतरानं बसवलेल्या पुल्या, आणि खाली दोन्ही बाजूंना ओळीनं उभे असलेले रेचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं. एखाददुसऱ्या पुलीवर पट्टा अजून लोंबत असतो. सगळ्यावर धूळ आणि रुईच्या तंतूंचा मऊ राखाडी थर. या थरावर फुंकर घातली की खालून बिडाची ओतीव अक्षरं वर येतात: ओल्डहॅम, लिव्हरपूल, मँचेस्टर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि साऱ्या गिरणी-जगाचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोचली. गाडी आली तशी तिच्यामागून वाफेची इंजिनं आली, रेचे आले, गाठी बांधायचे अजस्र प्रेस आले. बोटीतून मुंबईला, तिथून मालगाडीनं आणि शेवटी बैलगाडीनं. एवढं जड बीड बैलांनी कच्च्या रस्त्यावरून कसं ओढलं असेल, हा प्रश्न मला प्रत्येक जिनिंगमध्ये पडतो.

रेच्याची गोडी मला लागली ती त्याच्या साधेपणामुळे. त्यात चामड्यानं मढवलेला एक रूळ असतो. तो फिरतो. चामडं खरखरीत असल्यामुळे कापसाचे तंतू त्याला चिकटतात आणि रुळाला टेकलेल्या एका स्थिर पातीखालून ओढले जातात. सरकी जाड, ती पातीखाली मावत नाही, वरच अडते. मग दुसरी हलती पाती तिला खालून-वरून टोले देते. तंतू सुटले की सरकी जाळीतून खाली पडते. पुढून रुई, खालून सरकी. ही कल्पना फोन्स मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाची, १८४० सालची. तिच्यात पुढे सुधारणा झाल्या, एका रुळाचे दोन रूळ झाले, पण आजही आपल्याकडे कापूस मुख्यतः याच तत्त्वावर रेचला जातो. पावणेदोनशे वर्षांत मूळ युक्ती बदलावी लागली नाही, असं किती यंत्रांबद्दल म्हणता येईल?

एका बंद जिनिंगच्या मालकांनी मला त्यांच्या जुन्या फिटरकाकांकडे धाडलं. वय सत्तरीच्या पुढचं, डोक्याला पांढरा दुपट्टा, उजव्या करंगळीचं वरचं पेर नाही. ते माझ्याबरोबर शेडमध्ये आले आणि कुठल्याही प्रस्तावनेशिवाय तिसऱ्या रेच्यापाशी जाऊन उभे राहिले. पाती आणि चामडं जिथं मिळतात त्या रेषेवरून त्यांनी अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

“हे पाय भाऊ, पाती चामड्याले टेकली पायजे, पन रुतली नाई पायजे. रुतली का चामडं जळते. वास येते.”

टेकणं आणि रुतणं यांत किती अंतर, असं मी विचारलं.

“कितीक ते कसं सांगू? आवाज सांगते ना.”

मग त्यांनी त्या आवाजाची नक्कल करून दाखवली. पाती नीट बसली असेल तर एक आवाज, डावीकडे जास्त दाबली गेली असेल तर दुसरा, चामड्यावरच्या खाचा झिजल्या असतील तर तिसरा. या खाचा पुन्हा पुन्हा पाडाव्या लागतात, त्या बुजल्या की चामडं गुळगुळीत होतं आणि तंतू धरत नाही. शेडमध्ये पन्नासेक रेचे एकदम चालत असताना, वर पट्ट्यांचा फटफटाट आणि शाफ्टचा घरघराट असताना, त्यातला नेमका कुठला रेचा कुरकुरतोय हे काका दारातून ओळखत. मी ऐकत होतो आणि माझ्या ध्यानात येत होतं की मी बघायला आलेलं यंत्र अर्धंच शेडमध्ये आहे. उरलेलं अर्धं माझ्या शेजारी उभं आहे, आणि त्याला मोतीबिंदू झालाय.

हे रेचे इतकी वर्षं टिकले कसे, याचं उत्तर यंत्रशास्त्रात सापडत नाही. ते सापडतं सरकारी धोरणात. १९७२ साली महाराष्ट्रानं एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. शेतकऱ्याचा कापूस पणन महासंघ घेणार आणि खासगी जिनिंगवाल्यांनी तो ठरलेल्या मजुरीवर रेचून, गाठी बांधून द्यायचा. मजुरी ठरलेली म्हटल्यावर नवं यंत्र घालून मालकाच्या पदरात काय पडणार? त्यानं आजोबांच्या काळचे रेचे तेलपाणी करून चालवले. योजना सुमारे तीन दशकं चालली आणि तेवढी वर्षं ओल्डहॅमचं बीड वऱ्हाडात भाकरी मिळवत राहिलं. पुढे २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं. जिनिंगच्या नूतनीकरणाला अनुदान मिळू लागलं, स्वयंचलित यंत्रं आली, स्वच्छ रुई मिळू लागली. शेतकऱ्याच्या आणि गिरणीच्या दृष्टीनं हे व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण जुने रेचे त्या काही वर्षांत ट्रकच्या ट्रक भरून भंगारात गेले. ज्यांनी अनुदान घेतलं नाही, ज्यांचा भाऊबंदकीचा दावा कोर्टात अडकला होता, ज्यांचा धंदा आधीच बसला होता, त्यांच्याच शेडमध्ये आज काही बघायला मिळतं.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जुनं यंत्र कुणाच्या प्रेमामुळे वाचलं, असं क्वचित दिसतं. ते वाचतं कारण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड झाली नाही.

जगात इतरत्रही हेच दिसतं. ब्रिटिश रेल्वेनं वाफेची इंजिनं मोडीत काढली तेव्हा वेल्सच्या समुद्रकाठी बॅरी या गावातल्या डाय वुडहॅम नावाच्या भंगारवाल्यानं जवळजवळ तीनशे इंजिनं विकत घेतली होती. त्याच वेळी त्याच्याकडे मालगाडीच्या जुन्या डब्यांचाही मोठा साठा आला. डबे तोडणं सोपं, इंजिन तोडणं कष्टाचं. त्यानं आधी डबे तोडायला घेतले. इंजिनं खाऱ्या वाऱ्यात वर्षानुवर्षं उभी राहिली, आणि तेवढ्या अवधीत हौशी लोकांनी वर्गण्या काढून ती एकेक करून सोडवून नेली. २१३ इंजिनं वाचली. वाफेच्या इंजिनांचा एवढा मोठा ठेवा ब्रिटनला मिळाला तो एका धंदेवाल्यानं सोपं काम आधी हाती घेतलं म्हणून.

आपल्याकडचं उदाहरण पतियाळ्याचं. त्या संस्थानात १९०७ पासून एकाच रुळावर चालणारी गाडी होती. जवळजवळ सगळा भार त्या एका रुळावर, आणि तोल सांभाळायला बाजूनं रस्त्यावरून धावणारं एक मोठं चाक. काही काळ ती खेचरांनी ओढली, मग जर्मनीहून ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीची वाफेची इंजिनं आली. १९२७ च्या सुमारास मोटारी वाढल्या, रस्ते सुधारले, गाडी बंद पडली. पुढची पस्तीस वर्षं ती इंजिनं बांधकाम खात्याच्या आवारात पडून होती. १९६२ साली माइक सॅटो या रेल्वेवेड्या इंग्रज गृहस्थाला ती तिथं दिसली. त्यांतलं एक दुरुस्त होऊन आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. आवारातला तो कोपरा कुण्या कर्तव्यदक्ष साहेबानं मधल्या काळात साफ करून घेतला असता, तर जगाला त्या गाडीची फक्त छायाचित्रं उरली असती.

यंत्राचं नशीब त्याच्या खालच्या जमिनीच्या भावावर ठरतं, हे मला मुंबईनं शिकवलं. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी-संपानंतर गिरणगाव उतरणीला लागलं आणि पुढे जमिनीचे दर चढले, तेव्हा परळ-लालबागमधले माग, साचे, बॉयलर बघता बघता वजनावर गेले. त्यांत जपण्याजोगं किती होतं हे मोजायला कुणी थांबलं नाही, कारण तिथं एक दिवस थांबणं म्हणजे फार मोठ्या रकमेचं व्याज. वऱ्हाडात मात्र शेडखालच्या जमिनीला बरीच वर्षं गिऱ्हाईक नव्हतं. आता तेही बदलतंय. जिनिंग बांधताना स्टेशनजवळची जागा निवडलेली, आणि गाव वाढून आज ती जागा ऐन मध्यात आलेली. फाटकावर ‘प्लॉट विक्रीस उपलब्ध’ असा फलक दिसला की आतल्या रेच्यांचे दिवस भरले असं समजावं. असे फलक मला हल्ली जागोजागी दिसतात, आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

मोटारींचं नशीब थोडं बरं. त्यांना चाहते आहेत, मंडळं आहेत, मिरवणुका आहेत. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूप राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि ‘व्हीए’ अशी अक्षरं असलेली वेगळी पाटी दिली. फ्रान्समध्ये २०१४ साली एका शेतावरच्या पडव्यांत साठेक जुन्या गाड्या सापडल्या. बैयों नावाच्या एका वाहतूक व्यावसायिकानं संग्रहालय काढायचं म्हणून त्या जमवल्या होत्या. पुढे धंदा बुडाला, गाड्या तशाच राहिल्या. जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली एक फेरारी पुढच्या वर्षी पॅरिसच्या लिलावात दीड कोटी युरोंच्याही वर गेली. तेव्हापासून आपल्याकडेही प्रत्येक जुन्या वाड्याच्या पडवीकडे लोक वेगळ्या नजरेनं बघू लागले आहेत. मला त्या आकड्यांत रस नाही, आणि रंग चकाचक करून, मूळच्या खुणा घासून टाकून उभ्या केलेल्या गाडीतही फारसा नाही.

मला गाड्या भेटल्या त्या वेगळ्याच रूपात. जनरल मोटर्स कंपनी १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जुळवत होती. वालचंदांची प्रीमियर कुर्ल्याला आली, महिंद्रांनी जीप जुळवायला घेतली. १९५३ साली टॅरिफ कमिशननं निव्वळ जुळवणी करणाऱ्यांना दार दाखवलं. मग नव्या विदेशी गाडीची वाट बंद झाली आणि होती ती गाडी मरेपर्यंत, किंबहुना मेल्यावरही, वापरायची रीत पडली. मोठ्या अमेरिकन गाडीचं पेट्रोल परवडेना, तर तिच्यात डिझेल इंजिन बसवलं. सांगाडा गेला तर इंजिन विहिरीवर. आणि चाकं? ती बघायची असतील तर हंगामात कुठल्याही साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी उभं राहावं. ऊस लादलेल्या टायरगाड्यांची रांग लागलेली असते. वाकून खाली बघावं. लाकडी साटीखाली कधी जीपचा ॲक्सल दिसतो, कधी त्याहून जुन्या ट्रकचा. एका गाडीच्या हबवर मला गंजाखाली अर्धवट उरलेली इंग्रजी अक्षरं लागली. गाडीवान बीडकडचा होता. तो म्हणाला, हा कणा त्याच्या वडलांनी आणला, साटी तीनदा बदलली, बैल कितीदा बदलले ते मोजायचं कशाला, पण कण्याला काही झालं नाही. ती कुठली मोटार होती, कोण तिच्यात बसून कुठं गेलं होतं, काही कळायला मार्ग नाही. तरी तिचा एक अवयव रोज काही टन ऊस वाहतोय. मखमलीवर ठेवलेल्या गाडीपेक्षा मला हे जास्त भावतं, याचं कारण मी पुष्कळदा शोधलंय. बहुधा हेच असावं, की त्या वस्तूचं काम संपलेलं नाही.

कृष्णाकाठी, वारणाकाठी जुन्या विहिरींवर ऑइल इंजिनं सापडतात. बाभळीच्या फांद्या बाजूला केल्या की विटांची चार भिंतींची खोपटी, आणि आत दोन बाजूंना दोन जड चाकं असलेलं उभं इंजिन. विजेची मोटार आली तेव्हा ते काढून टाकायचा विचार झालेला असतो, पण तीन-साडेतीनशे किलोचं धूड पायथ्याच्या काँक्रीटला बोल्टनं आवळलेलं. शिवाय वीज रात्री-अपरात्री येणार, म्हणून ‘असू दे, लागलं तर’ असं म्हणून ठेवून दिलेलं. या भागाचं आणि यंत्रांचं नातं तसं जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर १९१० साली कुंडल रोडजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभारली. नांगर, उसाचे चरक, हातपंप तिथून गावोगाव गेले. साताऱ्याला कूपर होतं. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झालं. आणि याच्या जोडीला विलायतेच्या डर्स्ले गावची लिस्टर इंजिनं आपल्या मळ्यांत होती. मिनिटाला साडेसहाशेच फेरे घेणारं हे संथ इंजिन इतकं भरवशाचं निघालं, की राजकोटच्या कारागिरांनी त्याच्या हुबेहूब आवृत्त्या काढल्या आणि त्या पुढे कित्येक वर्षं खपत राहिल्या.

असं इंजिन सुरू करणं हा एक विधी आहे. तो मी सांगलीकडच्या एका मळ्यात नीट पाहिला. मळ्याचे मालक, सगळे त्यांना तात्या म्हणत, आधी काडी बुडवून तेल बघते झाले. मग त्यांनी डिझेल पंपाची कळ हातानं चार-पाच वेळा दाबली आणि मान तिरपी करून कान सिलिंडरच्या डोक्याशी नेला. आतून बारीक ‘कर्र’ असा आवाज आला. नोझलमधून डिझेलचा फवारा नीट उडतोय याची ती खूण. तो आवाज येईपर्यंत हँडलला हात लावायचा नाही. तो आला नाही, तर नळीत हवा आहे किंवा नोझल धरलंय. आवाज आल्यावर त्यांनी व्हॉल्व्ह उचलून धरणारी कळ वर केली, म्हणजे आत दाब धरत नाही आणि चाक मोकळं फिरतं. मग हँडल. पहिला फेरा जड, दुसरा बरा, पाचव्या-सहाव्याला चाकांनी वेग धरला. हातानं कळ पाडली आणि त्याच क्षणी हँडल सोडवून ते बाजूला झाले. धप, एक मोठी फट, मग दुसरी, काळ्या धुराचे दोन गोळे, आणि मग ती ओळखीची पुक-पुक-पुक, जी ऐकून पूर्वी अर्ध्या गावाला कुणाच्या मळ्यात पाणी चालू आहे ते कळायचं.

मी हँडल धरायला पुढे झालो होतो तेव्हा त्यांनी माझा हातच पकडला.

“पाव्हणं, अंगठा असा वेढा घालून धरू नका. चारी बोटांच्या बाजूलाच ठेवा. उलटं आलं तर मनगट जातंय.”

इंजिन कधी उलटा झटका देतं. अंगठा बोटांच्या पलीकडून वळवलेला असेल तर हात सुटत नाही, मोडतो. अंगठा बोटांच्याच बाजूला असेल तर हँडल हातातून निसटून जातं आणि माणूस वाचतो. ही एवढीशी गोष्ट मला कुठल्याही पाटीवर लिहिलेली आढळली नाही. तात्यांना ती त्यांच्या चुलत्यांनी सांगितली होती. चुलत्यांना कुणी सांगितली असेल, की मनगट मोडून घेऊन कळली असेल?

अशा जागांवरून फिरताना एक क्रम माझ्या लक्षात आला. पितळ आधी जातं. निर्मात्याच्या नावाची पाटी पितळेची असते. ती छोटी असते, चार स्क्रूंवर असते, आणि तिला किलोला चांगला भाव येतो. तिच्यामागून तेलाचे पितळी कप, तोट्या, मग तांब्याच्या नळ्या, मग बेअरिंगमधले बुश. बीड शेवटी जातं, कारण ते फोडायला घण लागतो आणि उचलायला माणसं. याचा अर्थ असा, की यंत्र मोडीत निघण्याच्या कितीतरी आधी त्याचं नाव जातं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्या आवारांत वाफेचे रोलर उभे दिसतात, गवतात रुतलेले, धुराड्याला रंगाचे पोपडे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत कुठं कुठं त्यांच्या कपाळावर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा असायचा. तो दिसला की रोलर रॉचेस्टरच्या एव्हलिंग आणि पोर्टरचा, केंट परगण्याचा तो घोडा, हे लांबूनच कळायचं. आता घोडा बहुतेक ठिकाणी नाही, चार भोकं आहेत. कुठला रोलर, कुठल्या सालचा, कुठल्या रस्त्याची खडी त्यानं दाबली, हे विचारायला दस्तरही नाही आणि माणूसही नाही.

यात भंगारवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. उलट जुन्या यंत्रांविषयी काही नेमकं सांगू शकेल असा माणूस बऱ्याचदा तोच असतो. बीड कुठलं, पोलाद कुठलं, विलायती ओतकाम कसं ओळखायचं, हे तो घणाच्या आवाजावरून सांगतो. कुर्ल्याच्या एका गाळ्यात मी एका म्हाताऱ्या चाचांना जुन्या गिअरच्या दातांवरून नख फिरवत ते कुठल्या देशाचं आहे हे सांगताना पाहिलंय. त्यांना विचारायला कुणी जात नाही एवढंच.

जाणती माणसं कितीजण उरली आहेत? मूर्तिजापूर, अचलपूर, यवतमाळ या कापूसपट्ट्यातून पूर्वी धावणाऱ्या ‘शकुंतला’ या आगगाडीला १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन होतं, आणि ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत रोज चाललं. सत्तर वर्षं. म्हणजे ते चालवणारे, त्याची भट्टी पेटवणारे, त्याच्या नळ्या बदलणारे लोक पन्नाशी-साठीत निवृत्त झाले असतील तर आज ऐंशी-नव्वदीत. इंजिनाचा फोटो हजार लोकांनी काढलाय. फायरमनला चढ लागायच्या किती आधी कोळसा मारायला सुरुवात करावी लागायची, हे कुणी लिहून घेतलंय का? कापसावर काम करणाऱ्या संस्था आपल्याकडे जुन्या आहेत. माटुंग्याची प्रयोगशाळा १९२४ ची, तिचंच जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे. कृषी विद्यापीठं आहेत, तालुक्यातालुक्याला आयटीआय आहेत. एक जुनी शेड, एक शाफ्ट, चार चालते रेचे आणि ते चालवून दाखवणारा एक फिटर, एवढं वऱ्हाडात एका तरी ठिकाणी राखता यायला हवं. पैसा लागेल, पण फार नाही. आणि आधी माणसाचं बोलणं टिपून घ्यायला हवं, कारण शेडला अजून दहा वर्षं आहेत, काकांना आहेत की नाही कुणी सांगावं.

हे मी बोलतो तेव्हा लोक मान हलवतात आणि ‘खरंय’ म्हणतात. करणारी माणसं मला भेटली ती अनपेक्षित ठिकाणीच. तात्यांच्याच शिवारात, दोन मळे सोडून, एका पडक्या खोपटीत किर्लोस्करांचं एक इंजिन सापडलं. सापडलं म्हणजे ते तिथंच होतं, बाभळीच्या जाळीत कुणी गेलं नव्हतं. गावातल्या तिघा पोरांनी ते चालू करायचं मनावर घेतलं. त्यांतला एक ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करतो, एक डेअरीवर असतो, तिसरा पुण्याहून नोकरी सोडून आलेला. इंजिन पार जाम होतं, पिस्टन सिलिंडरला धरलेला. पोरांनी घण मागवला होता. तात्या तिथं पोचले आणि त्यांनी घण आधी लांब फेकून दिला.

“बीड हाय रे ते, फुटंल. नोझल काढा, आत डिझेल नि रॉकेल वता, अन् गप बसा. रोज सकाळी येऊन चाकाला इकडून जरा, तिकडून जरा असं हलवायचं. ताकद न्हाई लावायची.”

पोरांनी तसं केलं. आठवडाभर काही हललं नाही. मग एका सकाळी चाक बोटभर सरकलं आणि डेअरीवाल्याचा मला फोन आला. तो इतक्या जोरात बोलत होता की शब्द कळेनात. आता पिस्टन बाहेर काढलाय, रिंगा झिजल्या आहेत, सिलिंडर ठीक आहे. नोझल कोल्हापुरात मिळेल की राजकोटहून मागवावं लागेल यावर तिघांत वाद चालू आहे. तात्यांचं म्हणणं, आधी जुनंच उघडून साफ करून बघा, शंभर वेळा उघडलेलं नोझल चालतं, न उघडलेलं चालत नाही. ट्रॅक्टरवाल्याला ते पटत नाही. इंजिनावरची पाटी मात्र जागेवर होती, पितळेची. पोरांनी ती राख-चिंच लावून घासली, तिच्यावरचा नंबर वहीत उतरवून घेतला, आणि कुणी काढून नेऊ नये म्हणून सध्या ती तात्यांच्या कपाटात, कागदपत्रांच्या पेटीत ठेवली आहे. इंजिन चालू झालं की परत लावायची, चार स्क्रूंनी, आणि स्क्रूंची डोकी घासून टाकायची म्हणजे फिरवता येणार नाहीत, असं ठरलंय.